वाचक विचारतात : बार्सिलोना बघून झालं, पुढे काय?

मागच्या अंकात कॅटलोनियावर, म्हणजे स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या आसपासच्या प्रांतावर, चार ओळी काय लिहिल्या, दादरपासून डोंबिवलीपर्यंत सगळीकडून प्रश्नांचा नुसता पाऊस पडलाय. सगळे छापायचे तर अख्खा अंक जाईल, त्यामुळे एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काहींना थोडी कात्री लावलीय, राग मानू नका. बहुतेकांचा प्लॅन वाचून मात्र एकच गोष्ट खटकली. बार्सिलोनाला हॉटेल घ्यायचं, रोज सकाळी एक गाव पकडायचं, रात्री परत. असं करू नका हो! ही गावं संध्याकाळी पाचनंतर, टुरिस्ट बसा निघून गेल्यावर, खरी बघायची असतात. खाली मी प्रत्येकाला फिरून फिरून मुक्कामाचंच सांगणार आहे, आधीच कबूल करते.

ताई, आम्ही दोघं रिटायर्ड, वय 64 आणि 61. टूर कंपनीच्या स्पेन पॅकेजमध्ये बार्सिलोनाला फक्त दोन रात्री आहेत, त्यात मॉन्सेरात 'हाफ डे'. मुलगी म्हणते पॅकेज सोडा, आठ-नऊ दिवस फक्त तिकडेच स्वतःचे स्वतः फिरा. जमेल का? भाषा येत नाही. (दादर)

काका, मुलीचं ऐका. ट्रेनचं जाळं चांगलं आहे, अंतरं छोटी आहेत आणि इंग्रजी मोठ्या गावांत बऱ्यापैकी चालतं. मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं : पहिल्या तीन रात्री बार्सिलोना, मग एक रात्र वर मॉन्सेरातला, डोंगरावरच्या मठाशी, मग दोन किंवा तीन रात्री जिरोना, आणि शेवटी दोन रात्री तारागोना. एवढंच. यादीत अजून चार गावं घुसवायचा मोह होईल, होऊ दे, घुसवू नका.

जिरोनावर माझा जास्त जीव आहे ते तुम्हाला कळलंच असेल. बार्सिलोनाच्या सांत्स स्टेशनवरून फास्ट ट्रेनने चाळीसेक मिनिटं लागतात, म्हणून लोक सकाळी जातात, नदीवरची रंगीत घरं बॅकग्राउंडला घेऊन फोटो काढतात आणि चारच्या गाडीने परत. ओन्यार नदीवर एक लाल लोखंडी पूल आहे, तो आयफेलच्या कंपनीने 1877 मध्ये बांधला, म्हणजे पॅरिसचा टॉवर उभा राहण्याच्या बारा वर्षं आधी. तिथे दिवसा पाय ठेवायला जागा नसते, आणि रात्री जेवून आलात तर तुम्ही दोघं आणि एखादा कुत्रा फिरवणारा म्हातारा, बास.

कॅथेड्रलला नव्वदच्या आसपास पायऱ्या आहेत, दमाने चढा. आत गेलात की मान वर करा. मधला हॉल जवळजवळ 23 मीटर रुंद आहे आणि मध्ये एकही खांब नाही, गॉथिक चर्चांमध्ये जगात एवढा रुंद दुसरा नाही. 1416 मध्ये तिथल्या मंडळींनी बाहेरून आर्किटेक्ट बोलावून मतं घेतली होती, की बाबांनो एवढं रुंद छत बिनखांबाचं टिकेल का, आणि त्यांच्यातही एकमत नव्हतं, तरी बांधलं आणि आजही उभं आहे. शेजारीच जुनी ज्यू वस्ती आहे, एल काल म्हणतात. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं अशा गल्ल्या. 1492 मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकललं तेव्हा ही वस्ती रिकामी झाली, ते सगळं तिथल्या म्युझियममध्ये नीट मांडलंय. काकूंचे पाय बरे असतील तर शहराच्या जुन्या तटबंदीवरून चालत जाता येतं, ते संध्याकाळी करा, उन्हात नको.

भाषेचं म्हणाल तर तिथे कॅटलन आणि स्पॅनिश दोन्ही चालतात. दुकानात शिरताना 'बोन दिया' आणि निघताना 'ग्रासिएस' एवढं कॅटलनमध्ये म्हणा, समोरच्याचा चेहरा लगेच सैल होतो. आपल्याकडे कोणी परका येऊन मराठीत 'नमस्कार' म्हणाला की आपलं काय होतं, तेच.

आई 72 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण तिला मॉन्सेरातची काळी मेरी बघायचीच आहे कारण आम्ही दर वर्षी माउंट मेरीच्या जत्रेला जातो आणि तिची श्रद्धा आहे. डोंगर चढावा लागतो का? (वांद्रे)

अजिबात नाही. बार्सिलोनात प्लासा एस्पान्याहून आर-फाइव्ह नावाची ट्रेन पकडायची, तासाभरात पायथ्याशी. तिथून वर जायला दोन रस्ते, एक आएरी म्हणजे केबल कार, 1930 पासून चालू आहे, पाच मिनिटांत वर नेते पण उभं राहून जावं लागतं आणि खाली बघवत नाही. दुसरा म्हणजे क्रेमायेरा, रुळांमध्ये दात असलेली रॅक रेल्वे. आईंसाठी हीच घ्या, बसायला मिळतं आणि गाडी थेट मठाच्या दारात सोडते. फक्त दोन्हींची स्टेशनं वेगळी आहेत, केबल कारला एक स्टेशन आधी उतरायचं आणि क्रेमायेराला मोनिस्त्रोलला, तिकीट काढतानाच ठरवा कारण नंतर बदलता येत नाही.

वर पोचल्यावर मात्र थोडा चढ-उतार आहे आणि मूर्तीपाशी जायला शेवटी पायऱ्या आहेत. बाराव्या शतकातली लाकडी मूर्ती आहे, लोक लाडाने ला मोरेनेता म्हणतात, म्हणजे आपली सावळी. ती सगळी काचेमागे आहे, फक्त उजव्या हातातला गोळा काचेच्या बाहेर येतो, त्याला हात लावून लोक नमस्कार करतात. रांग एकेकाने पुढे सरकते आणि मागचा माणूस मानेवर श्वास सोडत असतो, त्यामुळे त्या गोळ्यापाशी आईंना जेमतेम काही सेकंद मिळतील. म्हणूनच सांगते, मुक्काम करा! बॅसिलिकाच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, अगदी शेजारी मठाचंच हॉटेल आहे, आबात सिस्नेरोस नावाचं. टुरिस्ट बसा आणि गाड्या खाली गेल्या की चौकात फक्त राहणारी माणसं उरतात, आणि संध्याकाळी साधूंची प्रार्थना शांतपणे बसून ऐकता येते. सकाळी पहिल्या गाडीच्या आधी रांगही नसते.

मुलांचा कॉयर, एस्कोलानिया, तो दुपारी एकच्या सुमाराला गातो. चौदाव्या शतकापासूनच्या नोंदी आहेत त्यांच्या, युरोपातल्या सगळ्यात जुन्या बालगायकवृंदांपैकी एक. पण पोरं आहेत ती, शाळेची सुट्टी त्यांनाही असते, त्यामुळे ऐन जुलैत गेलात तर ऐकायला मिळणार नाही, आणि शनिवारीही सहसा गात नाहीत. जायच्या आधी मठाच्या साइटवर वेळ आणि तिकीट दोन्ही बघा.

आईंना सांगायला अजून एक. मठ 1025 च्या सुमाराचा, ओलिबा नावाच्या मठाधिपतीने वसवलेला, पण नेपोलियनच्या फौजांनी 1811-12 मध्ये जवळपास सगळा उद्ध्वस्त केला, त्यामुळे आज दिसतं त्यातलं बरंचसं बांधकाम नंतरचं आहे. आणि 1522 मध्ये इग्नेशियस लोयोला नावाचा एक सैनिक इथे आला, रात्रभर देवीसमोर जागला आणि आपली तलवार तिथेच ठेवून निघून गेला. त्यानेच पुढे जेझुइट पंथ काढला. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉसपासून धोबी तलावच्या सेंट झेवियर्सपर्यंत आपल्याकडची कितीतरी शाळा-कॉलेजं याच जेझुइटांची.

मी इतिहास शिकवते. एकच दिवस हातात आहे, जिरोना की तारागोना? आणि रोमन अवशेष सोडून तारागोनात काही आहे का? (ठाणे)

तुम्ही इतिहासाच्या, मग तारागोना. एक दिवस म्हणालात ते मी ऐकलंच नाही असं समजते, रात्र काढा.

आधी एक सूचना, हायस्पीड ट्रेन 'काम्प दे तारागोना' नावाच्या स्टेशनवर थांबते आणि ते गावाबाहेर माळावर आहे, तिथून पुन्हा बस किंवा टॅक्सी. साधी रीजनल ट्रेन घ्या, तासाला थोडं वरखाली लागतं, पण समुद्राच्या कडेकडेने जाते आणि गावातल्या स्टेशनवर उतरवते.

रोमन लोक इसवी सनपूर्व 218 मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी लढायला स्पेनमध्ये उतरले आणि तारागोना, तेव्हाचं ताराको, हा त्यांचा तळ झाला. पुढे खुद्द ऑगस्टस सम्राट इथे येऊन राहिला होता, म्हणजे तेवढा काळ साम्राज्याचा कारभार इथूनच चालला. अँफिथिएटर अगदी समुद्राला लागून आहे, आणि त्याच रिंगणात इसवी सन 259 मध्ये फ्रुक्तुओसुस या बिशपला जिवंत जाळलं, नंतर तिथेच त्याच्या आठवणीसाठी चर्च उभारलं, त्याच्या भिंतींचे पाय अजून रिंगणाच्या मधोमध दिसतात. गावाबाहेर चार किलोमीटरवर अॅक्विडक्ट, म्हणजे पाणी वाहून नेणारा रोमन पूल आहे, सैतानाचा पूल म्हणतात त्याला, 217 मीटर लांब आणि 27 मीटर उंच, दोन मजली कमानी. सिटी बस जाते. पुलावर चढून ज्या पन्हाळीतून पाणी वाहायचं त्यातूनच चालता येतं, वर्गातल्या मुलांना दाखवायला व्हिडिओ तिथे काढा.

आता रोमन सोडून. तुम्ही ठाण्याच्या, म्हणजे दहीहंडी तुम्हाला सांगायला नको. तारागोनाच्या आसपासचा भाग म्हणजे कास्तेल्सचं माहेर, माणसांचे मनोरे, 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. खाली शेकडो लोकांचा गच्च घेर, त्याला पिन्या म्हणतात, त्यावर थरावर थर, आणि शेवटी पाच-सहा-सात वर्षांचं पोरगं किंवा पोरगी हेल्मेट घालून सरसर वर चढते, टोकाला एक हात वर करते आणि दुसऱ्या बाजूने उतरायला लागते. चढताना पाय कुठे ठेवते बघा, कमरेच्या काळ्या पट्ट्यावर, तो पट्टा कित्येक मीटर लांब असतो आणि घट्ट गुंडाळायला दुसरा माणूस लागतो. गोविंदाशी मोठा फरक हा की वर फोडायला काही नाही. हात वर झाला की थर लागला म्हणून गुण मिळतात, पण खरी इज्जत सगळेच्या सगळे न कोसळता खाली उतरण्यात, त्याला वेगळं नाव आहे आणि जास्त गुण. आपल्याकडे हंडी फुटली की थर कसा उतरतो ते बघायला कोणी थांबतं का, पत्र पाठवून कळवा मला. तारागोनाच्या सांता तेक्ला उत्सवात, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, हे हमखास दिसतं, आणि सम वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथल्या जुन्या बुलरिंगमध्ये मोठी स्पर्धा असते.

आणि तुम्ही इतिहासाच्या म्हणून एक अवांतर. झेवियर्समधली हेरास इन्स्टिट्यूट माहीतच असेल. ते फादर हेन्री हेरास मूळचे बार्सिलोनाचे, 1888 चा जन्म. मुंबईत आले, 1926 मध्ये संशोधन संस्था काढली, सिंधू लिपीच्या मागे आयुष्य घातलं आणि 1955 मध्ये मुंबईतच गेले.

आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. तिथे सगळीकडे डुक्कर लटकलेलं असतं असं ऐकलंय. आठ दिवस थेपल्यांवर काढायचे का? (मुलुंड)

थेपले न्या, विमानात आणि रात्री नऊपर्यंत हॉटेल उघडत नाही तेव्हा उपयोगी पडतील. पण त्यांच्यावरच जगायची गरज नाही.

पा आम्ब तुमाकेत हे नाव पाठ करा. पाव भाजतात, वर लसूण घासतात, मग टोमॅटो अर्धा कापून तो पावावर असा रगडतात की हातात फक्त साल उरतं, वर ऑलिव्ह ऑइल आणि मीठ. संपलं. ऐकायला काहीच नाही, पण चांगला टोमॅटो असेल तर दोन प्लेटी उडतात. एस्कालिवादा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली वांगी, सिमला मिरची, कांदा, आपल्या भरताच्या वांग्याचीच भावकी, पण ती उभी फाडून तेलात ठेवतात. यावर कधी कधी वर अँकोव्ही मासा आडवा पडलेला असतो, ऑर्डर देतानाच नको म्हणा. कॅटलन पद्धतीचा पालक, बेदाणे आणि पाइन नट्स घालून, तो छान. गोडात मेल इ मातो, ताज्या पनीरसारखं चीज आणि मध, बिनअंड्याचं. क्रेमा कातालाना मात्र अंड्याची, सोडा.

सगळ्यात मोठा फसवा पदार्थ म्हणजे 'व्हेजिताल' नावाचं सँडविच, कारण त्यात बऱ्याचदा ट्यूना आणि अंडं असतं, त्यांच्या लेखी ते व्हेजच. क्रोकेता म्हणजे तळलेल्या रोलमध्ये हॅम असतो, सूपचं पाणी मांसाचं असतं. त्यामुळे नुसतं व्हेजिटेरियन म्हणून थांबू नका, 'सेन्से कार्न, सेन्से पेश, सेन्से पेरनील' म्हणजे मांस, मासा आणि हॅम तिन्ही नको, असं वेगवेगळं सांगा, कारण हॅम म्हणजे मांस असं तिकडे सगळ्यांना वाटतंच असं नाही!! जानेवारी ते मार्चमध्ये जाणार असाल तर काल्सोत्स खा, पातीच्या लांब कांद्यांना जाळावर पार काळं करतात, वरचं जळकं साल ओढून काढायचं, बदामाच्या लाल सॉसमध्ये बुडवायचं आणि मान मागे टाकून वरून तोंडात सोडायचं. गळ्यात बिब बांधतात, लाजू नका. आणि जेवणाची वेळ पाळा, दुपारी दीड ते साडेतीन, त्यानंतर किचन बंद.

दोन मुलं, 6 आणि 10 वर्षांची. मे महिन्याच्या सुट्टीत कोस्टा ब्रावाचा किनारा करायचाय, गाडी भाड्याने घ्यावी का? तोसा दे मार की कादाकेस? (बोरिवली)

मे सगळ्यात उत्तम, आपल्या शाळांना सुट्टी आणि तिकडे अजून गर्दी नाही. पाणी गार असतं पण, पोरं उड्या मारतील, तुम्ही काठावर बसा.

मुलांसाठी तोसा. गावाला लागूनच वाळूचा बीच आणि बीचच्या टोकाला डोंगरावर तटबंदीचं जुनं गाव, त्या किनाऱ्यावर असं तटबंदी शाबूत असलेलं मध्ययुगीन गाव हेच एक उरलंय. बार्सिलोनाच्या एस्तासिओ देल नोर्दहून थेट बस आहे, गाडी लागत नाही. रात्री तटाला दिवे लागतात तेव्हा पोरांना वर घेऊन जा.

कादाकेस जास्त देखणं आहे हे खरं. पांढरी घरं, खाली काळ्या पाटीचे दगड उभे रोवून केलेल्या गल्ल्या, पावसात त्यांवरून घसरायला होतं. शेजारी पोर्तलिगातला चित्रकार दालीचं घर आहे, आत थोडी थोडी माणसं सोडतात म्हणून आधी बुकिंग केल्याशिवाय जाऊच नका. पण रस्ता घाटाचा आहे, वळणं संपता संपत नाहीत, ज्यांना गाडी लागते त्यांची वाट लागेल. बीच गोट्यांचा. आणि त्रामुंताना नावाचा उत्तरेचा वारा सुटला की दोन-तीन दिवस कान बधिर. पोरं मोठी झाली की तुम्ही दोघं जा.

गाडी घेणार असाल तर आरटीओकडून इंटरनॅशनल परमिट काढा, तिकडे उजव्या बाजूने चालवायचं आहे, आणि गाडी बार्सिलोनात घेऊ नका, जिरोनात घ्या. गाडी असेल तर सान्त पेरे दे रोदेसचा मठ चुकवू नका, डोंगराच्या कुशीत, खाली पूर्ण समुद्र, आणि मठात कोणी राहत नाही. आणि हॉटेल बुक करताना कालेया दोन आहेत हे लक्षात ठेवा, एक नुसतं कालेया आणि एक कालेया दे पालाफ्रुजेल, छोटं देखणं कोळ्यांचं गाव ते दुसरं. बुकिंग साइटवर पहिलं स्वस्त दिसतं म्हणून लोक तिथे जाऊन पडतात.

मागच्या वेळी तुम्ही बार्सिलोनाला तीन रात्री 'पुरे' म्हणालात. आर्किटेक्ट गौदीवर हा अन्याय आहे. मी स्वतःही आर्किटेक्ट आहे. (विलेपार्ले)

तुम्ही आर्किटेक्ट आहात, तुम्ही सात रात्री राहा, माझी काही हरकत नाही. त्याचं साग्रादा फमिलिया चर्च 1882 मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी गौदीकडे आलं, 1926 मध्ये ट्रामने धडक दिली आणि तो गेला, काम चालूच राहिलं. मधल्या टॉवरची उंची त्याने 172.5 मीटर ठरवली, कारण माणसाने बांधलेलं शेजारच्या मॉन्जुइक टेकडीपेक्षा उंच असू नये असं त्याला वाटायचं. हे सगळं मान्य. पण साग्रादा फमिलियाच्या दारात उभा असलेला सर्वसाधारण मुंबईकर तिसऱ्या दिवशी चौथं गौदी घर बघताना घड्याळ बघतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही तेवढं एक करा, त्याच मॉन्जुइकवरच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात डोंगरातल्या छोट्या चर्चांच्या भिंतींवरून उतरवून आणलेली नऊशे-हजार वर्षं जुनी चित्रं आहेत, त्यांना अर्धा दिवस द्या. गौदीच्या रांगेपुढे तिथे शुकशुकाट असतो.

मठच बघायचे आहेत, मॉन्सेरात सोडून दुसरा कुठला? (गिरगाव)

पोब्लेत. तारागोनाहून जाता येतं, बाराव्या शतकात सुरू झालेला, सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा मठ, 1991 पासून युनेस्कोच्या यादीत. आरागॉन या इथल्या जुन्या राज्याच्या राजांच्या समाध्या चर्चमध्ये दोन बाजूंना बुटक्या कमानींवर उचलून ठेवल्यात, असं दुसरीकडे बघितलं नाही. 1835 मध्ये साधूंना बाहेर काढलं होतं, 1940 मध्ये परत आले आणि आजही राहतात, त्यामुळे भेटीच्या वेळा ठरलेल्या आहेत. ट्रेन लेस्प्लुगा दे फ्रांकोलीला थांबते पण दिवसाला मोजक्याच, परतीची वेळ आधी बघा.

दिवाळीच्या सुट्टीत गेलं तर चालेल का? आणि व्हिसाला किती दिवस आधी? (डोंबिवली)

शहरांसाठी चालेल, किनाऱ्यासाठी नको. पाऊस लागतो आणि बीचवरची अर्धी हॉटेलं तोपर्यंत बंद झालेली असतात. जिरोना, तारागोना, मॉन्सेरात एवढं करा.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, कमीत कमी पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, पण तेवढ्यावर राहू नका, दिवाळीच्या आधी अपॉइंटमेंट मिळवायला दमछाक होते, जुलै-ऑगस्टमध्येच लागा. 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, त्यामुळे पॅरिसला मावशीकडे चार दिवस आणि स्पेनला आठ दिवस असाल तर स्पेनकडेच. आणि हॉटेलची बुकिंग कॅन्सल करता येणारी घ्या, व्हिसा हातात आल्याशिवाय पैसे अडकवू नका.